टाळी न पडणारं पद

(दृश्य : अंधारलेलं प्रेक्षागृह. बंद पडदा. ऑर्गनचा एकच लांब सूर.)

तिसरी घंटा झाली. ऑर्गनवाल्यानं पायानं भाता चालवायला घेतला आणि सूर हळूहळू भरून आला. पडदा अजून हललेला नाही, गोष्ट सुरूही झालेली नाही. तरी मागच्या रांगेत कुणाच्या तरी अंगावर काटा आलाय.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं. तेव्हापासून मराठी माणूस 'नाटक ऐकायला' जाऊ लागला. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींनी नटाचे आठ सात्त्विक भाव, म्हणजे आतल्या भावनेनं अंगावर उमटणाऱ्या खुणा, सांगितलेत. त्यात रोमांच आहे, स्वरभंग आहे, अश्रू आहेत. पण संगीत नाटकाच्या प्रयोगाला कधी शेजारच्या खुर्चीकडे पाहा. हे भाव तिथेही दिसतात. ज्यानं आयुष्यात कधी तोंडाला रंग लावला नाही, त्याचाही गळा दाटलेला असतो.

(दृश्य : जुन्या तबकडीवर फिरणारी सुई.)

आता वन्समोअर. पद रंगलं की प्रेक्षागृहातून हाक उठते आणि गोष्ट जागच्या जागी थांबते. समोरचा नट तोच चेहरा, तीच नजर धरून उभा राहतो. गाणारा तेच पद पुन्हा घेतो, पण तान नवी असते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची वाट नवी असते. ऐकणारा पुढे सरकून बसतो, त्याचा हात नकळत मांडीवर ताल धरतो. हा आनंद मोठा आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

त्या आनंदाच्या पलीकडे मात्र कधी कधी बरंच काही दडलेलं असतं. १२ मार्च १९११, मुंबई. खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी, स्त्रीभूमिका करणारे गायक नट बालगंधर्व यांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलला नाही. बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले. भामिनी म्हणजे श्रीमंत घरची, मानी मुलगी. 'नाही मी बोलत नाथा' हे तिचं लाडिक रुसव्याचं पद. घरी ते दुःख, आणि गळ्यात हा रुसवा. हे पद मी आज तबकडीवर ऐकतो तेव्हा माझ्यापुरतं त्यातलं लाडिकपण हरवून जातं. चाल तीच, शब्द तेच, तरी डोळे भरून येतात.

म्हणजे रडवतं ते नेमकं काय? शब्द की चाल?

'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकात पंडित जितेंद्र अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत बांधलं. एक ठाय, म्हणजे संथ लयीची, शांत. दुसरी चढ्या लयीची. शब्द जसेच्या तसे. पहिली चाल ऐकताना श्वास आपोआप संथ होतो, दुसरीत छातीत काहीतरी धावू लागतं. शब्दांनी जागा दाखवली, चालीनं तिथवर नेलं, एवढंच मला कळतं.

(दृश्य : जातं. खुंट्यावर बाईचा हात. पीठ बाहेर पडतंय.)

आता ज्या पदासाठी हे सगळं सांगतोय, त्याच्याकडे येतो. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. नवरा सुधाकर दारूत बुडालेला, आणि लाडाकोडात वाढलेली सिंधू जात्याला बसलेली. शालू-दागिन्यांत ज्यांना पाहायला गर्दी लोटायची, ते बालगंधर्व इथे फाटक्या लुगड्यात. 'चंद्र चवथिचा' हे वि. सी. गुर्जरांचं पद ओवीच्या वळणानं जातं. दाखवेगिरीला त्यात जागाच नाही. घराघरातल्या बाया पहाटे जात्यावर गायच्या तसा सूर. जात्याची घरघर आणि आवाज एकमेकांत मिसळतात. मधेच हात थांबतो तेव्हा सूरही थांबतो, आणि मग परत ओढ लागते.

सिंधू रडत नाही. ती दळते. ती रडली असती तर आपण तिची कीव केली असती आणि मोकळे झालो असतो. ती गाते, म्हणून ते सगळं आपल्यावर येऊन पडतं. ज्यानं आपल्या आईला पहाटेच्या अंधारात एकटीनं काम करताना पाहिलंय, त्याला ही ओवी कुठून कुठे नेते हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पद संपल्यावर टाळीसाठी वर आलेले हात तसेच खाली जातात. वन्समोअर म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. तिला पुन्हा दळायला कसं सांगायचं? कुणीतरी चष्मा काढून उपरण्यानं पुसतो. ऑर्गनवाला बोटं पट्ट्यांवरून उचलतो आणि खाली मान घालून बसतो.

(दृश्य : थांबलेलं जातं.)

'एकच प्याला' पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते बडोद्याला, फेब्रुवारी १९१९ मध्ये. गडकरी २३ जानेवारीलाच गेले होते. सिंधू त्यांनी लिहिली, पण तिचं जातं फिरताना त्यांना ऐकता आलं नाही.

(अंधारात जात्याची घरघर. मग तीही थांबते.)