अंगठा राहिला की!

(पहाटेचे साडेपाच. बेळगावजवळच्या खानापूरचा पाऊस. वॉर्डातली ट्यूबलाईट.)

नाईटची सिस्टर एका बेडवरनं दुसऱ्या बेडकडं चाललीय, मधे अंतर असेल तीन पावलांचं. आजचा हा व्हिडिओ त्या तीन पावलांचा आहे, म्हणजे तेवढ्यात तिच्या हाताचं काय होतं त्याचा.

मला हा विषय लागला आईमुळं. चार वर्षांमागं तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, अगदी चांगलं झालं, आणि पाचव्या दिवशी टाक्यातनं पू यायला लागला. अकरा दिवस जास्त राहिलो आम्ही. कुणाच्या हातनं झालं, हातामुळंच झालं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही आणि मला कुणाला बोल लावायचा पण नाही. पण त्या अकरा दिवसांत मला बघायची सवय लागली. हात धुवत नव्हते असं अजिबात नाही, धुवायचे सगळे. नळाखाली धरायचे, साबणाची ओली वडी एकदा फिरवायची, दारामागच्या टॉवेलला पुसायचे की झालं. टॉवेल सगळ्यांना मिळून एकच, सकाळचा तो संध्याकाळपर्यंत, ओलाच.

हात धुतल्यानं माणसं वाचतात हे सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. व्हिएन्नाच्या दवाखान्यात 1846 साली डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बाळंतिणी तापानं जायच्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला यायचे. 1847 ला सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि 1848 ला तोच आकडा दीडच्या आत आला.

म्हणजे धुवायचं का, हा प्रश्नच नाही. कसं धुवायचं, तिथं गाडी अडकते.

(अंधारी खोली. जांभळा दिवा.)

हे नर्सिंगच्या पोरींचं ट्रेनिंग. सॅनिटायझरमधे चमकणारं औषध घातलंय, नेहमीसारखं चोळा म्हणून सांगितलं आणि मग हात दिव्याखाली धरायला लावले. तळवे सगळ्यांचे निळेशार. पण बोटांची टोकं काळी, बोटांच्या बेचक्या काळ्या, आणि अंगठा तर जवळजवळ सगळ्यांचाच कोरा. एक पोरगी ओरडलीच, "अय्यो, हेब्बेरळ राहिला की!" हेब्बेरळ म्हणजे कन्नडात अंगठा, बेळगावच्या माणसाला सांगायला नको, हे पुण्याकडच्यांसाठी. आणि विचार करा, सलाईनची सुई कशानं धरतात, ड्रेसिंग कशानं उचलतात, नाडी कशानं बघतात? बोटांच्या टोकांनी आणि अंगठ्यानं. तळव्यानं कोण काय करतं हो?

त्यासाठीच 'सुमन-के' शिकवतात, सीधा, उल्टा, मुट्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. हिंदीतलं आहे पण इकडं कन्नड बोलणारी सिस्टर पण तेच पुटपुटते. सॅनिटायझर एका तळहाताच्या खळग्यात नीट भरून घ्यायचं, चोळून वाळेपर्यंत 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्यानं सगळं मिळून 40 ते 60. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल तर साबणच, आणि जुलाबाचे काही जंतू असे असतात की अल्कोहोलनं मरतच नाहीत, तिथं पण साबणच. अल्कोहोल 60 ते 80 टक्के असावं, जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, जंतू मरायला त्यात थोडं पाणी लागतंच.

2016 ला ग्लासगोच्या डॉक्टर-नर्सवरचा एक अभ्यास आला. सहा पायऱ्यांनी चोळलं तर जंतू तीन पायऱ्यांच्या छोट्या पद्धतीपेक्षा जास्त कमी झाले. पण सूचना डोळ्यासमोर लावलेल्या, बघायला माणूस उभा, तरी सहाच्या सहा पायऱ्या पूर्ण केल्या शंभरातल्या 65 जणांनीच. त्यामुळं आमच्या सिस्टरना उगाच नावं ठेवू नका, हे सगळीकडचं आहे. वेळ बघा ना, सांगायला 20 ते 30, पण त्या अभ्यासात सहा पायऱ्यांना साधारण 42 सेकंद गेले. एका नाईटला किती वेळा हात लागतो पेशंटला, मोजा तुम्हीच.

म्हणून माझं म्हणणं एकच, बाटली बेडपाशी पाहिजे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, याच तालुक्यात, पावसात सगळीकडं पाणीच पाणी, पण करंट गेला की मोटर बंद, टाकी रिकामी आणि नळ कोरडा. त्या वेळी बेडच्या पायापाशी अडकवलेली बाटलीच कामाला येते. जिनिव्हात हेच केलं, बेडजवळ बाटल्या, भिंतीवर पोस्टर, वरच्या साहेबांचा पाठिंबा. 1994 ते 1997 मधे हात स्वच्छ करायचं प्रमाण 48 वरनं 66 टक्क्यांवर गेलं आणि दवाखान्यात लागणारं इन्फेक्शन 1998 पर्यंत 16.9 वरनं 9.9 टक्क्यांवर आलं.

ग्लोव्हज घातले म्हणजे सुटलो असं पण नाही, काढल्यावर हात धुवायचेच. काकणं आणि अंगठी हा अवघड विषय, हिरवी काकणं काढ म्हणून सांगणं सोपं नसतं. ट्रेनिंगमधली एक सिस्टर ड्युटीला येताना काकणं रुमालात बांधून पर्समधे ठेवते आणि घरी जाताना बसमधे परत घालते. कुणी सांगितलं नव्हतं तिला. दिव्याखाली तिला काकणांखालचं मनगट काळं दिसलं होतं, तेवढंच.

(परत तोच वॉर्ड. अजून पाऊस.)

सात नंबरच्या बेडवर एक आज्जी, निपाणीकडची. भिंतीवरचं पोस्टर कन्नडात, आज्जीला वाचता येत नाही, पण चित्रं रोज बघती. सिस्टर आली, बाटली दाबली, हात चोळले, सलाईनला हात घालणार तेवढ्यात आज्जी म्हणाली, "बाय, ते चौथं चित्र राहिलं बघ."

सिस्टरनी पोस्टरकडं बघितलं. चौथं चित्र अंगठ्याचं. तिनं परत बाटली दाबली.