वंचित : राहिलेले आणि ठेवलेले

श्रोतेहो, 'वंचित' हा शब्द सभांमधून, वर्तमानपत्रांतून आणि सरकारी अहवालांतून इतका सर्रास वापरला जातो की तो आता 'गरीब' या शब्दाला पर्याय होऊन बसला आहे, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे. गरिबी ही एक स्थिती आहे. वंचित असण्यामागे मात्र कोणीतरी केलेली कृती असते. संस्कृतात 'वञ्च्' या धातूचा एक अर्थ फसवणे असा असून 'वञ्चित' म्हणजे फसवला गेलेला. 'प्रवंचना' आणि 'आत्मवंचना' हे शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. 'वंचित'मधली फसवणूक तेवढी विसरलो.

या शब्दाचे व्याकरणही बोलके आहे. आपण आईला मुकतो, दृष्टीला पारखे होतो. तिथे बहुधा जाब विचारायला कोणी नसते. 'वंचित'ला मात्र 'पासून' लागते, आणि त्या 'पासून'च्या अलीकडे जे येते ते आधी त्या माणसाच्या हक्काचे असावे लागते. माझ्याकडे बंगला नाही म्हणून मी बंगल्यापासून वंचित ठरत नाही. पण पाड्यावरच्या मुलीला शाळेने प्रवेश नाकारला, तर ती शिक्षणापासून वंचित झाली असे म्हणावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद २१ची हमीही याच स्वरूपाची आहे : कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणालाही जीवितापासून किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्यापासून वंचित करता येत नाही.

आता क्रियापद पाहा. 'शेकडो कुटुंबे वंचित राहिली' असे आपण रोज वाचतो. 'राहणे' अकर्मक असल्यामुळे ते वाक्य पूर्ण होते आणि करणारा त्यात कुठेच दिसत नाही. 'वंचित ठेवले' म्हटले की कोणी ठेवले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तो प्रश्न आपल्या नाशिकने फार पूर्वी विचारला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. सत्याग्रही दारांशी बसले आणि दारे आतून बंद राहिली. ती दारे बंद करणारे हात होते. तिथे कोणी आपोआप बाहेर 'राहिले' नव्हते. मूर्तिपूजेची ओढ हा या लढ्याचा हेतू नव्हता, आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी हा होता, असे बाबासाहेबांनी पुढे गायकवाडांना कळवले. १३ ऑक्टोबर १९३५ची धर्मांतराची घोषणाही याच जिल्ह्यात, येवल्याला झाली.

आजचे उदाहरण याहून साधे आहे. पेठ तालुक्यातले एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीवर चिरलेले कागद होते आणि सर्वांत वर वनहक्क दाव्यावरचा एका ओळीचा शेरा : 'पुराव्याअभावी अमान्य'. २००६चा वनहक्क कायदा आपल्या प्रास्ताविकातच वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली देतो. त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला आहे, आणि ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जाण्यास ६० दिवसांची मुदत दिली आहे. बाबांच्या पिशवीत गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब अंगठ्यांसह होते. ते कोणी वाचले होते की नाही, हे त्या शेऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

मी सवयीने लिहिले : 'अर्जदार जमिनीच्या हक्कापासून वंचित राहिला आहे.' वाचून दाखवले, तेव्हा बाबा म्हणाले, "राहिलो कसा? मी तर दर खेपेला गेलो होतो." त्या कार्यालयात घातलेल्या खेपा त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या, कोणत्या खेपेला साहेब नव्हते, कोणत्या खेपेला नकाशा सापडला नाही, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. मी ती ओळ खोडली, 'ठेवण्यात आले आहे' असे लिहिले, आणि तरीही करणारा त्यात आलाच नाही, हे लक्षात आल्यावर तिसऱ्यांदा कागद घेऊन त्यांच्या खेपा तारीखवार लिहायला बसलो.