टेबलावरचा डोंगर आणि पडद्यावरची कानबाई

(दृश्य: चाळीसगाव जंक्शन. फलाटावर शिरणारी गाडी.)

मुंबईहून भुसावळकडे निघालं की वाटेत चाळीसगाव लागतं. धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो. स्टेशनाजवळ एका पारशी कलावंताचं घर आहे, केकी मूस यांचं. १९१२ साली मुंबईत जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकून आलेले हे गृहस्थ चाळीसगावात राहिले आणि १९८९ मध्ये इथेच वारले. मधली कित्येक दशकं त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. आज त्या घरात त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं, एकामागून एक.)

घरात बसून निसर्गाचे फोटो काढायचे कसे? मूस यांनी ते टेबलावर काढले. 'टेबलटॉप फोटोग्राफी' म्हणतात या प्रकाराला. यात आरशाचं तळं होतं, कापसाचं धुकं होतं, आणि दिवा नेमका धरला की हातभर जागेत पहाट उगवते. खरं-खोटं करायला बसलं, तर हे सगळं खोटंच. तो डोंगर कुठल्याच तालुक्यात सापडायचा नाही. तरी मूस यांना कुणी लबाड म्हटलं नाही. उलट कलामहर्षी म्हटलं.

मग एआयला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला, चार शब्द टाइप करून पडद्यावर डोंगर उभा करणाऱ्याला कलावंत म्हणताना आपली जीभ का अडखळते?

(दृश्य: संगणकाचा पडदा. ठिपक्यांतून हळूहळू उमटणारं चित्र.)

हे यंत्र काय करतं ते आधी बघू. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं? या यंत्राला कोट्यवधी चित्रं, त्यांच्याखालच्या ओळींसकट, दाखवतात. मग चित्रांवर तशाच मुंग्या पसरून त्या पुसायला शिकवतात. शिकून झालं की नुसत्या मुंग्या देतात आणि म्हणतात, यातून डोंगर काढ. ते पायरीपायरीने मुंग्या पुसत जातं. डोंगर दिसायला लागतो.

आणि चांगला दिसतो, हे कबूल करायलाच हवं. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराच्या चित्राला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका गटाचं बक्षीस मिळालं. हे चित्र एआयने केलंय, असं सांगून त्याने बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी उलटा प्रकार झाला. माइल्स अॅस्ट्रे याने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय गटात घुसवला. पक्षी मान वळवून पोट खाजवतोय, त्यामुळे डोकं दिसतच नाही. तिथे त्यालाही बक्षीस! माणसाने काढलाय हे कळल्यावर तो बाद झाला.

म्हणजे नुसतं बघून निवाडा होत नाही. परीक्षक दोन्हीकडून फसले.

(दृश्य: टेबल, दिवा, दिवा सरकवणारा हात.)

मला विचाराल तर फरक वेगळ्या ठिकाणी आहे. टेबलावर काम करणारा दिवा चार बोटं सरकवतो, बघतो, तोंड वाकडं करतो, पुन्हा मांडतो. त्याला काहीतरी पटत नसतं. यंत्राला न पटणं ठाऊकच नाही. मागितलीत तर ते एका दमात चार चित्रं देतं, आणि चारही त्याला सारखीच. नको म्हणायचं काम समोर बसलेल्याचं. एल्डागसेननेही ते केलं होतं, म्हणून त्याच्या चित्राला मी कला म्हणायला तयार आहे. श्रेय मात्र त्याचं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही संगणकाकडून निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणून ती घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडेच बोट दाखवतो.

(दृश्य: धुळे. श्रावण. फ्लेक्सचं दुकान.)

हे नको म्हणणं बघायचं तर कलादालनात जायला नको. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. नारळालाच नाक-डोळे, नथ, दागिने चढवून तिला चौरंगावर मांडतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. दुकानातला पोरगा बॅनरसाठी एआयकडे कानबाई मागतो. पडद्यावर येते आठ हातांची, वाघावर बसलेली, गुळगुळीत चेहऱ्याची देवी.

"हाई आमनी कानबाई नही शे, भाऊ," बॅनर करून घ्यायला आलेल्या मावशी म्हणतात.

यात यंत्राच्या प्रतिभेचा दोष काढायचं कारण नाही. नाव लिहिलेले कानबाईचे फोटो त्याच्यासमोर फारसे आलेच नसतील. उद्या हजार फोटो दाखवले तर नारळही काढेल, नथही चढवेल. पण यंदाची नथ कोणत्या सुनेने दिली, ती डावीकडून नीट दिसते की उजवीकडून, यावर दुकानात अर्धा तास वाद चालतो, आणि त्या वादात यंत्राचं काही मत नाही.

पोरगा वाघ काढतो, हात काढतो, शेवटी देवीच काढून टाकतो. मावशींच्या मोबाईलमधला गेल्या वर्षीचा फोटो लावतो. मागची फुलं आणि कमान तेवढी एआयची ठेवतो. "कमान चांगली शे," मावशी म्हणतात, आणि किती फुटांचा बॅनर, यावर घासाघीस सुरू होते.