उंच केलेली गाडी आणि कॅराव्हॅनचे नाक

(मेलबर्नमधील मराठी प्रवाशांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांना शहराबाहेर पडण्याची हौस आहे, त्यांच्या दारात आज ना उद्या लँडक्रूझर, प्राडो, हायलक्स किंवा रेंजर येऊन उभी राहते आणि ती आली की तिच्या स्प्रिंगा बदलून तिला आणखी उंच करण्याचा मोह होतो. स्प्रिंगांनी ५० मिलिमीटर उंची वाढते. व्यासाने ५० मिलिमीटर मोठे टायर चढवले तर धुरा त्याच्या निम्म्याने, म्हणजे २५ मिलिमीटरने वर जातो. अशी गाडी एकूण ७५ मिलिमीटर उचलली जाते. अभियंत्याच्या दाखल्याशिवाय किती वाढ चालते याचे नियम प्रत्येक राज्यात थोडे वेगळे आहेत आणि ते पाहूनच काम करावे, पण आजचा विषय त्या दाखल्याचा नाही. गाडीबरोबर तिचा टो-बॉलही, म्हणजे ओढायचे वाहन ज्यावर अडकवतात तो मागचा लोखंडी गोळाही, ७५ मिलिमीटर वर गेलेला असतो आणि मागे जोडायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे ओढायचे घर, मात्र आहे तेवढ्याच उंचीची राहिलेली असते. या तफावतीचे काय करायचे, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कॅराव्हॅन रस्त्याला समांतर चालली पाहिजे. ती समांतर आहे की नाही हे सगळे सामान भरून, माणसे बसवून आणि कॅराव्हॅन जोडून झाल्यावरच ठरते. आणि फरक निघाला तर तो टो-बॉल ज्या लोखंडी जिभेवर बसतो, ती टंग बदलून काढायचा असतो. गाडीच्या किंवा कॅराव्हॅनच्या स्प्रिंगांना त्यासाठी हात लावायचा नाही. हे तत्त्व कोणी नाकारत नाही, पण अंगणात रिकाम्या गाडीजवळ टेप धरून टंग विकत घेणारे पुष्कळ आहेत.

कॅराव्हॅनचे नाक, म्हणजे पुढचे टोक, ७५ मिलिमीटर वर राहिले तर बिघडते काय, असे कोणीही विचारील. कपलिंगपासून, म्हणजे टो-बॉलवर बसणाऱ्या तिच्या सांध्यापासून, चाकांपर्यंत ५ मीटर अंतर असले तर हा कल एका अंशाहूनही कमी भरतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो. एकाच धुऱ्याच्या लहान कॅराव्हॅनला त्याचा त्रासही बेताचाच होतो. दोन धुऱ्यांच्या कॅराव्हॅनची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे विकल्या जाणाऱ्या मोठ्या कॅराव्हॅन बहुतेक दोन धुऱ्यांच्याच असतात, म्हणून तिचा हिशेब सविस्तर मांडतो. समजा, चाकांवर मिळून २५०० किलो भार आहे, म्हणजे प्रत्येक चाकावर ६२५ किलो. दोन धुऱ्यांमध्ये ९०० मिलिमीटर अंतर आहे, प्रत्येक चाकाचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि ६२५ किलोखाली स्प्रिंग ७५ मिलिमीटर दबते. म्हणजे एका मिलिमीटरला साधारण ८.३ किलो. नाक ७५ मिलिमीटर वर गेल्यावर पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांजवळच्या चासीच्या उंचीत साडेतेरा मिलिमीटरांचा फरक पडतो. मागची स्प्रिंग पावणेसात मिलिमीटर अधिक दबते आणि पुढची तेवढीच सैल होते. मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे ५६ किलो वाढतात, पुढच्या प्रत्येक चाकावरून तेवढेच उतरतात आणि दोन धुऱ्यांच्या भारांत सव्वादोनशे किलोंची तफावत पडते. आधीच क्षमतेच्या काठावर असलेल्या टायरला ही वाढ सोसत नाही, आणि ज्या चाकांवरून भार उतरला ती जोरात ब्रेक लागताच आधी घसटू लागतात.

हा हिशेब स्वतंत्र सस्पेन्शनचा आहे. पाट्यांच्या स्प्रिंगांच्या मध्ये रॉकर, म्हणजे दोन्ही स्प्रिंगांना जोडणारा झुलता दुवा असला, तर तो पुढचा आणि मागचा भार बऱ्याच अंशी वाटून घेतो आणि तफावत पुष्कळ कमी होते. तेव्हा आपल्या कॅराव्हॅनखाली वाकून नेमके काय आहे ते पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

आता टो-बॉलवर पडणाऱ्या भाराकडे वळतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते; कॅराव्हॅनही मागून जड झाली की टो-बॉलवरचा भार हलका होतो आणि ती वेगात शेपूट हलवू लागते. नाक वर केले की हा भार कमीच होणार, असा सार्वत्रिक समज आहे. एका धुऱ्याच्या कॅराव्हॅनमध्ये तो बरोबर आहे, कारण तिचा गुरुत्वमध्य धुऱ्याहून वर असतो आणि नाक उचलले की थोडा मागे सरकतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या दोन धुऱ्यांमध्ये मात्र उलट घडते. भार मागच्या धुऱ्याकडे गेल्यामुळे आधाराचा मध्यबिंदूच मागे सरकतो आणि टो-बॉलवरचा भार वाढतो. वरच्या उदाहरणात ही वाढ वीसएक किलोंची निघते. अशाच कॅराव्हॅनचे नाक खाली गेले की तो भार घटतो. म्हणून टो-बॉलवरचे वजन मोजताना कॅराव्हॅन जॉकी व्हीलवर, म्हणजे नाकाखालच्या वरखाली होणाऱ्या लहान चाकावर, वाटेल तशी उभी करून चालत नाही. ती ज्या उंचीवर ओढली जाणार, त्याच उंचीवर मोजले पाहिजे. ऑस्ट्रेलियात एकूण वजनाच्या दहा टक्क्यांचा ठोकताळा चालतो, युरोपातल्या कॅराव्हॅन त्याहून बऱ्याच कमी भारावर धावतात. दोन्ही ठिकाणी अखेरचा शब्द गाडीच्या आणि टो-बारच्या (टंग ज्यात बसते त्या गाडीमागच्या लोखंडी चौकटीच्या) पट्टीवर कोरलेल्या आकड्याचाच.

युरोपात या उंचीचा प्रश्न नियमानेच बराचसा मिटवला आहे. तेथे सामान्य मोटारीचा टो-बॉल, गाडी पूर्ण भरल्यावर, जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरांच्या दरम्यान यावा लागतो आणि तिकडच्या कॅराव्हॅन त्याच बेताने बांधलेल्या असतात. खडबडीत रस्त्यांसाठीच्या गाड्यांना तेथेही सूट आहे, आणि आपण येथे नेमक्या त्याच गाड्या घेऊन त्या आणखी उंच करतो.

मोजायचे कसे, ते आता सांगतो. आधी खरोखर सपाट जागा शोधावी. पेट्रोल पंपाचा फरशीबंद आवार सपाट वाटतो, पण पाणी वाहून जावे म्हणून त्याला उतार दिलेला असतो. मोठ्या दुकानांचे वाहनतळही बहुधा तसेच. जागा मिळाली की कॅराव्हॅन प्रवासाला निघण्याइतकी भरावी, पाण्याच्या टाक्यांसकट, आणि जॉकी व्हील फिरवत चासीची पट्टी पुढे आणि मागे जमिनीपासून सारख्याच उंचीवर आणावी. स्पिरिट लेव्हल ठेवायची असेल तर चासीवर ठेवावी. आतल्या ओट्यावर किंवा पुढच्या तिकोनी ए-फ्रेमवर ठेवू नये, कारण ते चासीला समांतर असतीलच असे नाही. मग कपलिंगच्या वाटीच्या आतल्या छतापासून, म्हणजे टो-बॉलचा माथा जेथे टेकतो तेथपासून, जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते ४७० मिलिमीटर आले. आपल्याला गाठायचा आकडा हाच.

त्यानंतर गाडी. उंच केलेल्या रिकाम्या गाडीच्या टो-बॉलचा माथा समजा ५६५ मिलिमीटरवर आहे. फरक ९५ मिलिमीटरांचा दिसतो, आणि घाईचा माणूस ९५ मिलिमीटर खाली उतरणारी टंग घेऊन येतो. पण गाडीत मागे फ्रिज, खणांची पेटी, भरलेली डिझेलची टाकी आणि घरची चार माणसे आली की मागची बाजू २५ मिलिमीटर बसते. त्यावर कॅराव्हॅनचे नाक टेकले की ती आणखी ३५ मिलिमीटर बसते. म्हणजे प्रत्यक्ष प्रवासात टो-बॉल ५०५ वर असतो आणि खरा फरक राहतो फक्त ३५ मिलिमीटरांचा. ९५ ची टंग लावली असती, तर कॅराव्हॅन ६० मिलिमीटर नाक खाली घालून धावली असती आणि भार आता पुढच्या धुऱ्यावर गेला असता. हे बसणे स्प्रिंगागणिक वेगळे असते. मागे कायम ३०० किलो भार गृहीत धरून बसवलेल्या स्प्रिंगा बऱ्याच कमी दबतात. म्हणून माझे आकडे उदाहरणापुरते घ्यावेत, पद्धत मात्र तशीच ठेवावी. पहिली टंग शक्य तर मित्राची उसनी घ्यावी किंवा भोके बदलून उंची कमीजास्त करता येणारी घ्यावी, आणि सगळे जोडल्यावर पुन्हा मोजावे. नेमका आकडा जुळत नसेल, तर दहापंधरा मिलिमीटर नाक खाली राहिलेले मला चालते. वर राहिलेले तितकेसे आवडत नाही, कारण कॅराव्हॅनची शेपूट लांब असते. चाकांच्या मागे साडेतीन मीटर शेपूट असली, तर नाक ७५ मिलिमीटर वर जाताच ती ५० मिलिमीटरांहून अधिक खाली येते, आणि ओढा ओलांडताना किंवा चढाच्या आवारातून रस्त्यावर येताना मागचा बंपर आणि सांडपाण्याची नळी जमीन घासतात.

रस्त्यावर पडताळण्याची एक साधी खूण आहे. तासभर चालून गाडी थांबवल्यावर कॅराव्हॅनच्या चारही टायरांचे तापमान इन्फ्रारेड मापकाने पाहावे, किंवा टायरचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर निघताना नोंदलेल्या दाबात झालेली वाढ पाहावी. उन्हाकडची बाजू थोडी गरम असतेच. तिच्याकडे दुर्लक्ष करून त्याच बाजूच्या पुढच्या-मागच्या टायरांची तुलना करावी. मागचा सतत जास्त तापत असेल तर नाक वर आहे किंवा सामान मागे झाले आहे. नलरबोरसारख्या पल्ल्यावर, जेथे रस्ता १४६ किलोमीटर एका रेषेत जातो आणि समोरून येणारा रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, हवेच्या लोटाने कॅराव्हॅनला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत खेचतो, तेथे ही तपासणी करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी केलेली बरी.

टंग निवडताना उंचीइतकेच तिच्यावरच्या शिक्क्याकडे पाहावे. तिच्यावर ओढायच्या आणि टो-बॉलवर पडायच्या वजनाची मर्यादा कोरलेली असते. फार खाली उतरणाऱ्या टंगेची मर्यादा सरळ टंगेपेक्षा कमी असू शकते, कारण ब्रेक लागल्यावर मागून येणारा रेटा टो-बारला पिळतो आणि टो-बॉल जितका खाली तितका तो पीळ मोठा. काही टंगा उलट्या करून वर चढवण्यासाठी वापरता येतात, काहींना उत्पादक तशी परवानगी देत नाही. लांबीही बघावी. व्हीलबेस २८५० मिलिमीटर, टो-बॉल मागच्या धुऱ्यापासून १३०० मिलिमीटरवर आणि त्यावर २८० किलो भार असला, तर मागच्या धुऱ्यावर २८० नव्हे, सुमारे ४०८ किलो वाढतात, आणि पुढच्यावरून १२८ किलो उतरतात. टंग १०० मिलिमीटर लांब घेतली की मागे आणखी दहा किलो. गाडीच्या मागच्या धुऱ्याची मर्यादा सगळ्यांत आधी भरते ती यामुळेच. वजनकाट्यावर एकदा धुरेनिहाय वजन करून घ्यावे.

याच ठिकाणी एअरबॅगचा मोह आडवा येतो. मागच्या कॉइल स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या घालून हवा भरली की गाडी दिसायला सरळ होते, पण पुढच्या चाकांवरून उतरलेले ते १२८ किलो परत जात नाहीत. हलके स्टिअरिंग हलकेच राहते आणि टो-बॉल मात्र पुन्हा वर जातो. भार पुढे परत नेतात ते वजन विभागणारे हिच, ज्याच्या लवचिक दांड्या गाडीच्या आणि कॅराव्हॅनच्या सांध्याला वरच्या दिशेने ताण देतात. ते बसवायचे असेल तर गाडीच्या आणि कॅराव्हॅनच्या दोन्ही उत्पादकांची संमती पाहावी, पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर मोजून ताण ठरवावा, आणि गिब रिव्हर रोडसारख्या कच्च्या, खोल चढउतारांच्या रस्त्यावर शिरण्याआधी दांड्या काढून ठेवाव्यात. उंच गाडीला या हिचचे डोकेही खाली उतरवावे लागते, तेव्हा आधी उंची जुळवावी आणि मग ताण द्यावा.

कॅराव्हॅनच उंच करून घ्या, असाही सल्ला मिळतो. पाट्याच्या स्प्रिंगा धुऱ्याखालून काढून धुऱ्यावर बसवल्या की ती सहज वर जाते. तिच्याबरोबर तिचे वजनही वर जाते, आडव्या वाऱ्याला ती अधिक हलते आणि पायरी चढताना घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागतात. कच्च्या रस्त्यावर खरोखरच जमीन लागत असेल, तरच हे काम करावे. मुळातच खडबडीत रस्त्यांसाठी बांधलेल्या कॅराव्हॅनचे कपलिंग उंच असते आणि उंच केलेल्या गाडीशी ते कधी कधी आपोआप जुळते. अशा वेळी टंग घेण्यापूर्वी मोजण्याचा सोपस्कार केला, तर खर्च वाचतो.

टंग बदलली की साखळ्या पुन्हा पाहाव्यात. अडीच टनांवरच्या कॅराव्हॅनला येथे दोन साखळ्या सक्तीच्या आहेत आणि त्या कपलिंगखाली एकमेकींना छेदून टो-बारला अडकवायच्या असतात. टो-बॉल खाली उतरला, तरी साखळी अडकवायची जागा टो-बारवर तेथेच वर राहते. त्यामुळे पूर्वी बरोबर असलेली साखळी आता अरुंद वळणावर ताणली जाऊ शकते किंवा लोंबून रस्ता घासू शकते. ब्रेकअवे केबलचे, म्हणजे कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक लावणाऱ्या तारेचेही तसेच. मोकळ्या मैदानात गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, कोणाला तरी मागे उभे करून, या तिन्ही गोष्टी पाहून घ्याव्यात आणि कॅराव्हॅन सोडल्यावर टंग काढून गाडीत ठेवावी, कारण खाली उतरलेली टंग गाडी खड्ड्यातून बाहेर येताना सर्वांत आधी जमिनीत रुतते.