ओट्याला एक कायदा, मंत्रालयाला दुसरा

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'लोकप्रतिनिधींच्या गैरवर्तनाला जाब कोण विचारणार?' कार्यवाहांनी मला चाळीस मिनिटं कबूल केली होती, त्यातली बरीच सत्कारात गेली. शाल चांगली आहे, तक्रार नाही. पण मध्येच उठून जाणाऱ्यांचं नुकसान नको, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे पद जेवढं लहान, तेवढा कायदा कडक. सरपंचाला घरी पाठवायला एक अर्ज पुरतो. वर चढत जाल तसतसा कायदा मवाळ होत जातो.

जिल्हाधिकारी कचेरीत वकिली करताना माझे एक अशील होते, सरपंच. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचे पाहुणे इथे बसलेले असायचे. तर यांच्या घरापुढे आजोबांच्या वेळचा ओटा. संध्याकाळी त्याच्यावर अख्खी आळी बसायची, विरोधी पॅनेलचे लोकसुद्धा. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराने अर्ज टाकला: ओटा रस्त्यात आहे, सबब सरपंच अपात्र. ग्रामपंचायत अधिनियम, कलम १४, पोटकलम १, खंड ज-३. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलं की सदस्यत्व जातं.

मोजणीला मंडळ अधिकारी आले, तलाठी, ग्रामसेवक, दोन पंच, आणि बघायला गाव. आता रस्ता मोजायचा कुठून? गटारीपासून की विजेच्या खांबापासून? यावर तासभर गेला. मधे चहा झाला, तोही सरपंचांच्याच घरचा. टेपचं एक टोक कोतवालाकडे, दुसरं अर्जदाराच्या पुतण्याकडे. मी हरकत घेतली की पुतण्या टेप ताणतोय. मंडळ अधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब, टेप लोखंडी आहे. ताणायचा तो तुम्ही युक्तिवाद ताणा." (हशा) असेसमेंटच्या, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर घर बावीस फूट, टेपवर पावणेचोवीस. पावणेदोन फुटांसाठी निवडून आलेला माणूस घरी गेला. आयुक्तांकडे अपील केलं, स्थगिती मिळाली नाही. निकालाच्या दिवशी अर्जदाराने पेढे वाटले ते त्याच ओट्यावर बसून. ओटा कुणी पाडला नाही. त्याच्यावर कुणाचा राग नव्हताच!

कायदा चूक आहे असं माझं म्हणणं नाही. गायरानाची एकरच्या एकर जमीन गिळून ढेकर न देणारे सरपंचही मी पाहिलेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच केलं की अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं आणि तुम्ही त्या घरात राहत असलात, तरी तुम्ही अपात्र. पुढे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांचं पद त्याच न्यायालयाने परत दिलं आणि निवडून आलेल्या बाईला असं सहज काढता येणार नाही, असं खडसावलं. पण तोवर त्या बाईंना दिल्ली गाठावी लागली होती.

शिवाय दोन अपत्यांची अट. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायत सदस्य अपात्र. आमदाराला ही अट नाही. आमदारांच्या घरी पाळणा किती वेळा हलावा, यात कायदा नाक खुपसत नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. बरं, मग मुख्य विषय आता पळतपळत.

सभागृहाला मनात आलं तर स्वतःच्या माणसाला शिक्षा करता येते, हे १९५१ मध्येच सिद्ध झालंय. हंगामी संसदेतले मुदगल नावाचे सदस्य 'बॉम्बे बुलियन असोसिएशन'कडून, म्हणजे आपल्या मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांकडून, पैसे घेऊन प्रश्न विचारत होते. जूनमध्ये नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव मांडला, सप्टेंबरमध्ये निकाल लागला. मुदगल राजीनामा देऊन निसटायला बघत होते, तर सभागृहाने ठरावात तेही नोंदवलं. पुढे २००५. पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार १२ डिसेंबरला टीव्हीवर दिसले आणि २३ डिसेंबरला अकरा जणांची हकालपट्टी झाली. त्यातले दोघे आपल्या खानदेशातले.

कोर्टाचं बघा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल असा की लाच घेऊन सभागृहात मत दिलं तर घटनेचं संरक्षण, आणि लाच घेऊन मत दिलंच नाही तर खटला. म्हणजे लाच घेतल्यावर काम चोख करणारा सुटला! हे दुरुस्त व्हायला ४ मार्च २०२४ उजाडला. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा होऊनही अपील केलं की खुर्ची शाबूत, ही सवलत २०१३ मध्ये कोर्टानेच काढली. कुठल्याही विधिमंडळाने नाही.

पक्षांतराचं तर बोलायलाच नको. मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की विधानसभेच्या अध्यक्षांनी फुटलेल्यांच्या अपात्रतेवर साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यावा, आणि शक्यतो हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं. आपल्याकडे शिवसेनेतल्या २०२२ च्या जूनमधल्या फुटीचा निकाल १० जानेवारी २०२४ ला आला. अपात्र शून्य. कुठल्याही बाजूचा नाही! तिथे कुणी टेप नेला नव्हता.

आता शेवटचं, आणि मग थांबतोच. लोकायुक्त, म्हणजे मंत्री-अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा माणूस, नेमणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, कायदा १९७१ चा. त्या कायद्यातल्या लोकायुक्तांना फक्त शिफारस करता येते. २०२२ च्या डिसेंबरात नागपुरात नवं विधेयक विधानसभेने मंजूर केलं, मुख्यमंत्री कक्षेत आले म्हणून कौतुक झालं. त्यात मुख्यमंत्र्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागेल अशी अट आहे. २८८ चे दोन तृतीयांश, १९२. बहुमत ज्यांच्या खिशात, त्यांच्या चौकशीला १९२ हात वर व्हायचे! सरपंचाला मात्र एक पडेल उमेदवार पुरला.

हे विधेयक आलं तेव्हा विरोधक सभात्याग करून बाहेर होते, चर्चा झालीच नाही. तेव्हा आपले आमदार पुढच्या वेळी मतदारसंघात दिसले की एवढंच विचारा: त्या दिवशी तुम्ही सभागृहात होता की पायऱ्यांवर? आणि आत होता, तर १९२ ची अट वाचली होती का? उत्तर लेखी मागा. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू, कार्यवाह आता उभेच राहिलेत.