टापीर: गेंड्याचा भाऊबंद, रानाचा माळी

(दृश्य: जांबोटीजवळची ओली पायवाट, गव्याचा ठसा)

मधोमध फट, दोन खूर. हा गवा. खानापूर तालुक्यात रानाला लागून शेत असलेल्यांना तो सांगावा लागत नाही.

(दृश्य: चिखलात टापीरचे पाय)

आता हे पाय बघा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. हा टापीर. अंगलट डुकराची, नाक हत्तीच्या वळणाचं, पण गोत्र दोघांचंही नाही. गेंडा आणि घोडा हे याचे भाऊबंद.

हे चित्रण मलेशियातल्या प्राणिसंग्रहालयातलं. रानात हा रात्री हिंडतो, असा समोर येणं कठीणच.

नाक आणि वरचा ओठ मिळून ही आखूड सोंड झाली आहे. कशी वळते बघा! फांदी खाली ओढली, पाला तोंडात गेला, देठ तेवढा उरला. पाण्यात बुडी मारली की हीच सोंड वर काढून श्वास घेतो.

मधलं अंग पांढरं, पुढचं-मागचं काळं. अंधारात यामुळे अख्खा प्राणी असा नजरेत भरतच नाही. वजन ३०० किलोच्या घरात, टापीरच्या चारही जातींत हा मलेशियाई टापीर मोठा. आशियातली ही एकमेव जात, म्यानमारपासून सुमात्रापर्यंत.

(दृश्य: आईमागे पिल्लू)

तेरा महिने पोटात, आणि बहुधा एकच पिल्लू. अंगावर पट्टे आणि ठिपके, आपल्याकडच्या रानडुकराच्या पिल्लांसारखे. सहाएक महिन्यांत ते पुसट होत जातात.

(फोटो)

बाकी तिघे अमेरिकेतले. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून कोलंबियापर्यंत बेअर्डचा टापीर. ॲमेझॉनच्या खोऱ्यात सखल भागातला. अँडीज पर्वतात पहाडी टापीर, अंगावर लोकरीसारखे केस, ओठांना पांढरी कड.

(दृश्य: फळं खाणारा टापीर)

फळ इथं खायचं, बी लांब कुठंतरी शेणातून टाकायची. रोप लावून फोटो काढणाऱ्यांनी हे जरा नीट पाहावं. इथं खड्डाही नाही, फलकही नाही, आणि रान मात्र वाढतं.

मलेशिया आणि सुमात्रातलं बरंच जंगल पामच्या लागवडीखाली गेलं, रस्त्यांवर गाड्यांच्या धडकेतही टापीर मरतात. मलेशियाई, बेअर्डचा आणि पहाडी, तिघेही आज संकटग्रस्त. सखल भागातला असुरक्षित, म्हणजे धोका एक पायरी कमी. आणि तिकडून निघालेलं पामतेल आपल्या बाजारातल्या किराणा दुकानापर्यंत येतं.