आधी पाणी बघा, मग तिकीट काढा

नमस्कार मंडळी! आफ्रिकेला जायचं ठरलं की आपण आधी सुट्ट्या बघतो, मे नाहीतर दिवाळी. पण झांबेझी नदीला आपल्या शाळांचं वेळापत्रक कुठे माहितीये, तिचं पाणी तिच्याच हिशोबाने चढतं-उतरतं, म्हणून आधी पाणी बघा.

झांबेझीवरचा व्हिक्टोरिया फॉल्स हा धबधबाच घ्या. झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर, 1.7 किलोमीटर रुंद, शंभर मीटरच्या वर खोल. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं की तुषारांच्या धुक्यात समोरचं दिसत नाही, रेनकोट घालूनही चिंब, आणि राफ्टिंगचं तर नावच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं उलटं, झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कातळ, लोक म्हणतात फसलो, अहो पण तेव्हाच खाली बाटोका दरीत राफ्टिंगचा खरा सीझन असतो! पोटात गोळा येतो एकेका रॅपिडला, म्हणजे खळाळत्या उताराला, आणि वर दरी चढून यायचं ते वेगळंच, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी आधीच विचारून घ्या.

दिवाळीच्या आसपास चोबे नदीकाठीही मजा. बोत्स्वानात कासानेला राहायचं, फॉल्सपासून गाडीने फार लांब नाही. आतले पाणवठे आटलेले, त्यामुळे दुपारी हत्तींचे कळपच्या कळप नदीवर, आणि पलीकडे जायचं झालं की सोंड तेवढी वर काढून पोहत जातात, आपण बोटीतून बघत बसायचं.

बोत्स्वानातल्याच ओकावांगो नदीचं गणित आणखी निराळं. पाऊस पडतो वर अंगोलात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जमीन इतकी सपाट की ते पाणी रमतगमत जून-जुलैला डेल्टात, म्हणजे नदी पसरून झालेल्या पाणथळ भागात, पोचतं, जेव्हा तिथे आभाळात ढगही नसतो. तेव्हा मोकोरोत बसा. अरुंद होडी, मागे उभा माणूस लांब काठीने ढकलतो, आणि तो मुद्दाम उथळ कडेनेच नेतो कारण खोल पाण्यात पाणघोडे. त्याला मधून घ्या म्हणून आग्रह करू नका प्लीज.

माझं ऐकाल तर ऑगस्ट. धबधब्याला पाणी, राफ्टिंग सुरू, डेल्टा भरलेला, हत्ती नदीवर यायला लागलेले. शाळा आठवडाभर बुडली तर बुडू दे. पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडायला होतं, स्वेटर-टोपी हवीच. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघायच्या बरंच आधी विचारा. आणि चाकांची कडक बॅग घरीच ठेवा, डेल्टातल्या छोट्या विमानांना मऊ पिशवीच लागते.